फासे, अंपायर आणि वेताळ

मागच्या हिवाळ्यातल्या एका लेखात मी सहज लिहून गेलो होतो, की बर्फाने रस्ता बंद झाला की शनिवारी रात्री आमच्या मेसमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो आणि मीही त्यात असतो. त्यावर आलेल्या पत्रांत एक साताऱ्याकडच्या निवृत्त सुभेदारसाहेबांचं होतं. मजकूर साधारण असा : साहेब, राग मानू नका, पण चाळिशी उलटलेल्या माणसाने राक्षस-चेटकिणींचे खेळ खेळावेत हे पटत नाही, आमच्या वेळचे सीओसाहेब ब्रिज खेळायचे. फोन करून त्यांची ख्यालीखुशाली विचारली, नातवाचं सिलेक्शन झाल्याचं कळलं, आनंद वाटला. पण मुद्द्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. कारण हा खेळ बाहेरून आपल्या मेसमध्ये शिरलेला नाही. तो आपल्याच घरचा आहे, दोनशे वर्षांपूर्वी घराबाहेर पडला आणि डोक्यावर शिंगांची टोपी घालून परत आला, इतकंच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो : कोणी तलवारबाज, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण खेळत नाही, तो गोष्ट सांगतो आणि न्याय देतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. ‘समोर दरी आहे, दोराचा पूल कुजलेला दिसतोय, काय करता?’ असं तो विचारतो. तुम्ही मनात येईल ते करू शकता. पूल ओलांडा, परत फिरा, पलीकडच्या पहारेकऱ्याला लाच द्या. जमलं की नाही ते फासा ठरवतो. फासे सहा बाजूंचेच नसतात, चार, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचेही असतात. डाव एका रात्रीत संपत नाही, महिनोन् महिने चालतो. आमचा डंजन मास्टर एक सिग्नल्सचा कॅप्टन आहे आणि त्या टेबलावर त्याचा शब्द अखेरचा. मी ‘अरे पण’ म्हटलं की तो अतिशय नम्रपणे ‘सर, रोल करा’ म्हणतो.

आता इतिहास.

लढाई पटावर आणण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं : हत्ती, घोडदळ, रथ, पायदळ. आजच्या बुद्धिबळाची ती आजी. अल-बिरुनीने अकराव्या शतकात हिंदुस्थानाबद्दल लिहिताना चौघांनी खेळायच्या आणि फासे टाकून चालायच्या एका बुद्धिबळाचं वर्णन केलं आहे. म्हणजे पट आणि फासा आपल्याकडे एकत्र होते. पुढे फासा गळाला, पट राहिला आणि बुद्धिबळ शुद्ध अकलेचा खेळ झाला. मला बुद्धिबळ आवडतं, पण लढाईचा नमुना म्हणून ते पटत नाही. दोघांना सगळं दिसतं, प्यादं सांगितलं की हलतं, आणि घोड्याने मारलेलं मोहरं मरतंच. वीस वर्षांहून जास्त नोकरी झाली, यातली एकही गोष्ट मैदानावर माझ्या बाबतीत घडलेली नाही.

युरोपातही सुरुवात बुद्धिबळापासूनच झाली. जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकाने १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट प्रचंड मोठा केला, त्यात डोंगर-नद्यांचे रंगीत चौकोन घातले, तोफखाना आणला. पण चौकोन ते चौकोनच. त्यातून सुटका केली प्रशियाच्या राइस्वित्झ बापलेकांनी.

बाप लष्करी अधिकारी नव्हता, सरकारी नोकर होता. १८१२ मध्ये त्याने राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याला एक टेबल भेट दिलं. त्यावर प्लास्टरचे उंचसखल तुकडे कसेही जोडून हवा तो प्रदेश उभा करता यायचा. आपलं सँड मॉडेलच, फक्त राजाला शोभेल असं. राजपुत्र त्यावर खेळत बसायचे. पण ते राजवाड्यातलं खेळणं राहिलं. त्याला सैन्याचं हत्यार केलं मुलाने. धाकटा राइस्वित्झ तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने प्लास्टर टाकून दिलं आणि १:८००० प्रमाणाचे खरे नकाशे घेतले. त्यावर लाल आणि निळे छोटे ठोकळे. एक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ. दोन मिनिटांत पायदळ किती चालेल, घोडदळ किती दौडेल, तोफ किती गोळे टाकेल याचे तक्ते त्याने तयार केले. १८२४ मध्ये हे नियम छापले गेले. खेळाचं नाव ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ.

त्याने केलेल्या तीन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत.

पहिली, अंपायर. दोन्ही बाजूंचे खेळाडू स्वतः ठोकळे हलवत नाहीत. ते लेखी हुकूम देतात, अंपायर ते वाचतो आणि ठोकळे हलवतो. हुकूम मोघम असेल तर तुकडी मोघम ठिकाणी जाते. निरोप घेऊन घोडेस्वार जायला जितका वेळ लागेल तितका वेळ तो हुकूम लागूच होत नाही. ज्याने कधी रेडिओवर ‘से अगेन’ ऐकत अर्धी रात्र काढली आहे, त्याला राइस्वित्झ आपलाच माणूस वाटेल.

दुसरी, न दिसणं. शत्रूचा ठोकळा तुमच्या तुकडीला जिथून दिसला असता तिथूनच तो नकाशावर ठेवला जातो. तोवर फक्त अंपायरला माहीत.

तिसरी, फासे. गोळीबाराचा परिणाम तक्त्यात सरासरी काढून लिहिलेला नाही, फासा टाकून ठरतो. चांगली योजनाही फसू शकते, आणि कधी गाढवपणाही तरून जातो. तोफखान्यातल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. त्याने एकाच तोफेचे एकाच नेमाने टाकलेले गोळे वेगवेगळ्या ठिकाणी पडताना पाहिले असणार.

जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग याला हे दाखवायला बोलावलं गेलं. तो सुरुवातीला जरा थंडच होता, पण डाव रंगत गेला तसा त्याचा नूर पालटला. हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि सगळ्या सैन्याला शिफारस केली. राजाच्या हुकमाने रेजिमेंटांना संच मिळाले. तरुण मोल्टके या खेळाचा मोठा चाहता होता. तोच पुढे जनरल स्टाफचा प्रमुख झाला. आपण आजही सरावात एका बाजूला रेड आणि दुसरीला ब्लू म्हणतो, ते रंग याच ठोकळ्यांचे.

खुद्द राइस्वित्झचं पुढे बरं झालं नाही. ज्येष्ठांचं कौतुक मिळालेल्या लेफ्टनंटबद्दल बरोबरीच्यांना काय वाटतं हे कुठल्याही मेसमध्ये बघायला मिळतं. त्याची बदली टोरगाऊच्या किल्ल्यावर झाली, ती त्याला शिक्षा वाटली, आणि १८२७ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. सँड मॉडेलभोवती उभं राहून ज्या-ज्या अधिकाऱ्याने जम्हया दाबल्या आहेत, त्याने हे नाव एकदा तरी ऐकलेलं असावं असं मला वाटतं. आमच्या कुठल्याही कोर्समध्ये ते कोणी सांगितलं नाही.

पन्नासेक वर्षांत तक्ते इतके फुगले की एका चकमकीला दुपार जायची. तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्याने फासे आणि तक्ते बाजूला सारले आणि सगळं अनुभवी अंपायरच्या निवाड्यावर सोपवलं. आपल्याकडच्या टेव्टमध्ये डायरेक्टिंग स्टाफ जे करतो ते याच वाटेवरचं. टेव्ट म्हणजे सैन्याशिवायचा सराव : टेकडीवर उभं राहायचं, हातात नकाशा, आणि ‘आता शत्रूने डावीकडून हल्ला केला, तुमचा हुकूम?’ हा प्रश्न. झटपट होतं, डोकं चालवायला लागतं, आणि फाशांपेक्षा माणसाचा निवाडा अनेकदा जास्त शहाणा असतो हे मला मान्य आहे.

पण फासे गेले की एक गोष्ट सोपी होते. वरिष्ठ हरत नाही. अंपायर मेजर आणि खेळाडू ब्रिगेडियर असेल तर निवाडा कुठे झुकेल ते सांगायला ज्योतिषी नको. एका सरावात (कुठल्या ते विचारू नका) अंपायरने पूल उडाल्याचं जाहीर केलं. पांढरी पट्टी बांधलेला तरुण मेजर, त्याने वेळ टिपून घेतली, नियमाप्रमाणे निशाण लावलं. अर्ध्या तासात वरून निरोप आला, की पूल दुरुस्त झाला असं समजा. कारण दुपारी पाहुणे येणार होते आणि त्यांना रणगाडे नदी ओलांडताना दाखवायचे होते. रणगाडे दिमाखात गेले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तो पूल खरोखर उडाला असता तर काय केलं असतं, यावर त्या सरावात कोणी पाच मिनिटंसुद्धा बोललं नाही.

फासे टाकूनही हे करता येतं, फक्त जास्त उघडपणे करावं लागतं. मे १९४२ च्या पहिल्या आठवड्यात जपानी नौदलाने मिडवे मोहिमेचा युद्धखेळ ‘यामातो’ या युद्धनौकेवर घेतला. अंपायरांपैकी ओकुमिया नावाच्या अधिकाऱ्याने, बेटावरच्या अमेरिकन बाँबरांनी जपानी विमानवाहू जहाजांवर केलेल्या हल्ल्यासाठी फासे टाकले. नऊ बाँब लागले. ‘अकागी’ आणि ‘कागा’ दोन्ही बुडाली. खेळाचं संचालन अॅडमिरल उगाकीकडे होतं, यामामोतोचा चीफ ऑफ स्टाफ. त्याने नऊचे तीन केले. ‘अकागी’ वाचली, ‘कागा’ तेवढी बुडाली. आणि मोहिमेच्या पुढच्या टप्प्याचा डाव सुरू झाला तेव्हा ‘कागा’ही पुन्हा ताफ्यात हजर होती. ही हकिगत ओकुमियाने स्वतः फुचिदाबरोबर लिहिलेल्या पुस्तकात सांगितली आहे. ४ जून १९४२ ला अमेरिकन डाइव्ह बाँबरांनी ‘अकागी’, ‘कागा’, ‘सोर्यु’ आणि ‘हिर्यु’ अशी चारही जहाजं निकामी केली आणि चारही बुडाली.

ही गोष्ट सांगताना लोक उगाकीला मूर्ख ठरवून मोकळे होतात. मी ठरवणार नाही. बेटावरून उडालेल्या त्या मोठ्या बी-१७ बाँबरांचा एकही बाँब प्रत्यक्ष लढाईत जपानी जहाजांना लागला नाही. खूप उंचावरून, वळणं घेणाऱ्या जहाजावर नेम धरणं कठीण, त्यामुळे नऊ हा आकडा जास्त आहे हे उगाकीचं मत तांत्रिकदृष्ट्या बरोबरच म्हणावं लागेल. चूक झाली ती पुढे. दोन जहाजं गेली तर मोहीम पुढे न्यायची की गुंडाळायची? वैमानिक कुठे उतरणार? हे प्रश्न त्या फाशाने टेबलावर आणून ठेवले होते. ते टेबलावरून खाली पाडण्यासाठी आकडा बदलला गेला. फाशाचं काम भविष्य सांगण्याचं नसतंच. तुम्ही ज्याचा विचार करायला तयार नाही तो विषय तो काढतो.

त्याच वर्षी, त्याच महायुद्धात, याच्या बरोबर उलट गोष्ट लिव्हरपूलमध्ये घडत होती. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावं लागलेल्या गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या अधिकाऱ्याला जानेवारी १९४२ मध्ये परत बोलावून सांगितलं, यावर काहीतरी काढ. त्याच्या हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या, ‘रेन’ म्हणवल्या जाणाऱ्या मुली दिल्या. बऱ्याच जणी नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या. त्यांनी एका खोलीच्या फरशीवर समुद्र आखला. जहाजांच्या चाली खडूने काढायच्या. एस्कॉर्ट जहाजांचे कप्तान पडद्यामागे बसत आणि त्यांना पडद्यातल्या फटीतूनच खेळ दिसे, तेही त्यांच्या जहाजावरून जितकं दिसलं असतं तितकंच. पाणबुडीची रेघ हिरव्या खडूची, त्या फरशीवर फटीतून न दिसणारी. राइस्वित्झचा नियम, फक्त खडूने लिहिलेला.

खेळता खेळता या मंडळींच्या लक्षात आलं, की पाणबुड्या बाहेरून नव्हे तर रात्री मागच्या बाजूने काफिल्याच्या आत शिरून हल्ला करत असणार. तोवरचे डावपेच बाहेर शोध घेण्याचे होते. त्यांनी नवी पद्धत बसवली, तिचं नाव ‘रास्पबेरी’. तोंडाने फुर्रर करून वाकुल्या दाखवण्याला इंग्रज रास्पबेरी म्हणतात, ती वाकुली हिटलरला. नाव सुचवलं जीन लेडलॉ या रेनने. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी त्या फरशीवरून शिकून गेले. समुद्रावर वर्षानुवर्षं काढलेले कप्तान वीस वर्षांच्या मुलींकडून हरले, चडफडले असतील, पण निकाल कोणी फिरवला नाही. त्या कप्तानांपैकी बऱ्याच जणांचे प्राण आणि त्यांच्या काफिल्यातल्या खलाशांचे प्राण त्या हरण्यामुळे वाचले, असं मी मानतो.

आता हा खेळ गणवेशातून बाहेर कसा पडला ते. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम छापले आणि हौशी मंडळींची सोय झाली. पण आमच्या शनिवारच्या डावाचा थेट पूर्वज अमेरिकेतला. तिथल्या सैन्यातल्या टॉटन नावाच्या लेफ्टनंटने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगॉस’ नावाचं युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं होतं. ते मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेझली या तरुणाच्या हाती लागलं. त्यातून वेझलीने मनावर घेतली ती एकच गोष्ट : अंपायर असेल तर खेळाडू काहीही करून बघू शकतो, नियमांत लिहिलेलं असो वा नसो.

१९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातल्या ‘ब्राउनस्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाभोवतीची लढाई मित्रांसाठी मांडली. खेळायला माणसं जास्त आली. मग सेनापती दोनच कशाला, म्हणून त्याने कोणाला गावचा महापौर केलं, कोणाला सावकार, कोणाला विद्यापीठाचा कुलगुरू. झालं असं, की लढाई राहिली बाजूला आणि ही मंडळी एकमेकांशी खलबतं करत सुटली. दोघांनी तर द्वंद्वयुद्ध ठरवलं. सैन्य गावापर्यंत पोचलंच नाही. वेझलीला वाटलं, डाव फसला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? हा वेझली राखीव सैन्यातला अधिकारी होता आणि १९७० मध्ये त्याला सक्रिय सेवेचा हुकूम आला. तो गेला तशी त्याच्या टोळीतल्या डेव्ह अर्नसनने सूत्रं हातात घेतली, ‘ब्लॅकमूर’ नावाचा किल्ला आणि त्याखालची भुयारं रचली आणि गावकऱ्यांच्या जागी जादूगार आणले. पात्र किती मार सोसू शकतं ते मोजणारे ‘हिट पॉइंट’ त्याने जहाजांच्या लढाईच्या खेळातून उचलले, असं तो स्वतः सांगायचा. तिकडे विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स हा विमा कंपनीतली नोकरी गेलेला गृहस्थ मध्ययुगीन लढायांचे नियम लिहीत होता आणि पोटासाठी घरी बूट दुरुस्त करत होता. दोघांनी मिळून जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. तीन पातळ पुस्तिका, एक खोका, पहिली आवृत्ती १,००० प्रतींची.

तर सुभेदारसाहेब, वंशावळ अशी : प्रशियाचा तोफखाना, अमेरिकेचा एक लेफ्टनंट, सेवेला निघून गेलेला एक राखीव अधिकारी, आणि मग ड्रॅगन. अंपायर आहे, न दिसणं आहे, फासे आहेत. ब्रिजची वंशावळ माझ्या माहितीप्रमाणे इतकी लष्करी नाही.

ही वंशावळ सांगून माझी आवड उच्च दर्जाची ठरते असं नाही, ते मला कळतं. आवडीनिवडी माझ्या साध्याच आहेत. चहा लंगरचा, साखर जास्त आणि आलं ठेचलेलं. कॉफी फक्त दुसऱ्याने केली तर. डावात मी नेहमी साधा तलवारबाज घेतो. पहिल्या पुस्तिकांमध्ये तीनच प्रकारची पात्रं होती, लढवय्या, जादूगार आणि पुजारी, आणि मला त्यातला लढवय्या पुरतो. आमचा डॉक्टर अर्धा एल्फ, अर्धा कवी असलेलं काहीतरी घेतो आणि वीणा वाजवून शत्रूला लाजवतो. त्याचं त्याला लखलाभ.

पण एका बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि त्यावरून टेबलावर भांडणंही झाली आहेत. मेलेलं पात्र परत आणायचं नाही. हल्लीच्या नियमांत मरणं फार सोपं ठेवलेलं नाही. हिट पॉइंट शून्यावर आले की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं आधी आली तर वाचलात, तीन अपयशं आली तर संपलात. जखमी माणसासाठी हेलिकॉप्टर येईल की ढग उतरतील या प्रतीक्षेत ज्याने पोस्टवर तास काढले आहेत, त्याला हा भाग खेळाचा वाटत नाही. इथवर मला नियम मान्य आहेत. पण पुढे असंही लिहिलंय, की मेल्यापासून एका मिनिटाच्या आत पुजाऱ्याने ३०० सोन्याच्या नाण्यांच्या किमतीचे हिरे खर्च केले तर माणूस उठून बसतो. मी म्हटलं, हे ‘कागा’चं प्रकरण झालं. आमच्या टेबलावर हा मंत्र बंद.

सुपरहिरोंशी माझं बिनसलं तेही इथेच. तरुण अधिकारी ते सिनेमे रांगेने बघतात, मीही बघितले, कॅप्टन अमेरिका मला आवडतोही. त्याच्या जन्मामागे खरी माणसं आहेत. जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी त्याला अमेरिका युद्धात उतरण्याआधी काढला, मार्च १९४१ च्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतोय. पुढे कर्बी स्वतः पायदळात शिपाई म्हणून फ्रान्समध्ये लढला आणि १९४४ च्या हिवाळ्यात त्याच्या पायांना इतका हिमदंश झाला की ते कापायची वेळ आली होती. ज्यांनी सियाचीन किंवा द्रास केलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. आणि याच कर्बीने मार्च १९६४ च्या अंकात कॅप्टन अमेरिकाला बर्फात गोठून, जसाच्या तसा वीस वर्षांनी बाहेर काढला! पायांची बोटं शाबूत. मी त्या माणसाला हसणार नाही. त्याला बर्फाबद्दल जे माहीत होतं त्याच्या नेमकं उलट त्याने कागदावर घडवून आणलं, हे मला समजू शकतं. निदान त्या गोष्टीत कॅप्टनचा जोडीदार बकी मेलेला होता आणि तो सल कॅप्टन बाळगत होता. चाळीस वर्षं बकी मेलेलाच राहिला. २००५ मध्ये त्यालाही परत आणलं. सुपरमॅनला १९९२ मध्ये मारला आणि १९९३ मध्ये उठवला. आता कोणी मेलं की थिएटरमधली पोरं पॉपकॉर्न खात म्हणतात, येईल पुढच्या भागात.

एनडीएत, खडकवासल्याला, हट ऑफ रिमेंबरन्स नावाची एक छोटी शांत वास्तू आहे. पडलेल्या माजी कॅडेट्सची नावं तिथे आहेत. आम्ही कॅडेट होतो तेव्हा ती नावं इतिहासातल्या माणसांची होती. आता त्यात अशी नावं आहेत, ज्यांच्याबरोबर मी शिक्षा म्हणून फ्रंट रोल मारले आहेत. ‘येईल पुढच्या भागात’ ऐकलं की मला कसंसं होतं, ते या कारणाने. बाकी सिनेमावाल्यांशी वैर नाही.

माझा नायक वेताळ. १९३६ मध्ये ली फॉकने ‘फँटम’ म्हणून काढला आणि मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक त्याच्यावरच निघाला. म्हणजे कॅप्टन अमेरिका बर्फातून निघाला त्याच महिन्यात वेताळ आपल्याकडे रुजू झाला. मराठीतही इंद्रजाल निघायचं. १९९० मध्ये ते बंद पडलं तेव्हा मी शाळेत होतो, आणि माझं बहुतेक वाचन रद्दीच्या दुकानातल्या गठ्ठ्यांतून झालं. बंगाल समजू नये म्हणून वेताळाच्या देशाचं नाव आपल्या आवृत्तीत बदलून डेंकाली केलं होतं, ते मला पुढे कधीतरी कळलं. तोवर मी शाळेच्या नकाशात डेंकाली शोधून झालो होतो.

वेताळाला कसलीही दैवी शक्ती नाही. दोन पिस्तुलं, एक घोडा, एक लांडगा, आणि कवटीची अंगठी. लोक त्याला अमर समजतात, कारण चारशे वर्षं तोच मुखवटा दिसतोय. प्रत्यक्षात वेताळ मरतो. सुरीने मरतो, गोळीने मरतो, तापाने मरतो. मग मुलगा कवटीच्या गुहेत शपथ घेतो, मुखवटा चढवतो आणि बापाने रोजनिशी सोडली तिथून पुढे लिहू लागतो. आपला वेताळ एकविसावा. ही तर सरळ चार्ज देण्या-घेण्याची पद्धत झाली. बटालियन दीडशे-दोनशे वर्षांची असते आणि तिच्यातला प्रत्येक माणूस नवा असतो. गेलेल्याचं नाव क्वार्टर गार्डजवळच्या फलकावर राहतं आणि त्याची रायफल दुसऱ्याच्या नावावर चढते.

गेल्या महिन्यात आमच्या डावात एका तरुण कॅप्टनचा बुटका मारला गेला. दहा आठवडे सांभाळलेलं पात्र, कुऱ्हाडीला नाव ठेवलेलं. भुयाराच्या तोंडाशी तो सगळ्यांची माघार झाकत थांबला आणि तीन वेळा फासा टाकला तो आठ, तीन आणि सात आला. टेबलावर कोणी बोलेना. डॉक्टर हळूच म्हणाला, “सर, हिऱ्यांचं बघायचं का?” सिग्नल्सच्या कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. निवाडा त्याचा होता, मी चहा ओतून घेतला. त्याने मान हलवली, नाही.

पुढच्या शनिवारी तो पोरगा नवा कागद घेऊन आला. मेलेल्या बुटक्याचा धाकटा भाऊ. हिट पॉइंट अगदीच कमी, कवच नाही, अनुभव शून्य. पहिल्याच फेरीत त्याने विचारलं, भावाची कुऱ्हाड कुठे आहे. माझ्या तलवारबाजाने ती दहा मैल खांद्यावरून वाहून आणली होती. ती त्याच्या सुपूर्द केली, डॉक्टरने वीणेवर काहीतरी वाजवल्याचं जाहीर केलं, आणि आम्ही पुन्हा त्याच भुयाराकडे निघालो.